लाख, राख, बांबू

साधारण 1935 ते 1946. अमेरिकेतल्या कॉलेजांचा शनिवार ठरलेला असे: दुपारी मॅच, रात्री डान्स. उरलेले दिवस अभ्यास कमी आणि तबकड्या जास्त. 21 ऑगस्ट 1935 च्या रात्री बेनी गुडमनच्या बँडने लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये तरुण पोरांना वेड लावलं, तिथून स्विंगचं युग मोजायची पद्धत आहे. त्या पोरांच्या रोजच्या हाताळणीतल्या बहुतेक वस्तू आता राहिलेल्या नाहीत. काही वापरून झिजल्या, काही युद्धाने नेल्या, काहींची जागा प्लास्टिकने घेतली. एखादी गेली ते बरंच झालं. त्यांची ही त्रोटक नोंद.

लाखेची तबकडी

दहा इंचांची. मिनिटाला 78 फेरे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. हातातून निसटली की तुकडे. तिला धरून ठेवणारा पदार्थ मात्र आपल्या जंगलातला. छोटा नागपूरकडे कुसुम, पळस, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो, रस पितो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. फांद्या खरवडायच्या, लाख धुवायची, वितळवायची, पातळ पापुद्रे ओढायचे. तो झाला चपडा. या मालाला एवढी मागणी होती की 1924 साली रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. अमेरिकेतल्या कारखान्यात चपड्यात दगडाची भुकटी आणि काजळी मळत, म्हणून तबकडी जड आणि काळी.

डेक्का कंपनीने 1934 मध्ये 35 सेंटला तबकडी विकायला काढली; व्हिक्टरची मुख्य तबकडी तेव्हा 75 सेंटला होती. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं जॅझ इथून सुरू झालं. तीन मिनिटांची मर्यादा मात्र सगळ्यांना सारखी. ड्यूक एलिंग्टनने 1940 मध्ये आपला ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्स याच्यासाठी कॉन्चेर्तो रचला, तोही सव्वातीन मिनिटांच्या आसपास आटोपतो. तीन मिनिटांत राग मांडून दाखवणाऱ्या आपल्याकडच्या गवयांना ही कसरत वेगळी समजावून सांगायची गरज नव्हती.

पोलादी सुई

बोटाच्या पेरापेक्षा लहान, पत्र्याच्या चपट्या डबीत शेकड्याने मिळे. नियम असा की एक बाजू वाजवली की सुई बदलायची. कारण तबकडीतली दगडाची भुकटी. पहिल्या काही फेऱ्यांत ती सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. मग ते घासलेलं टोक खाच कापायला लागतं. आळशी पोरं एकाच सुईवर दहा-दहा बाजू ओढत आणि आवडती तबकडी महिन्याभरात करडी पडे. करड्या झालेल्या पट्ट्यावरून ओळखू येई की खोलीतल्यांचा जीव कोणत्या गाण्यावर होता.

काही शौकीन पोलादाऐवजी बांबूची नाहीतर निवडुंगाच्या काट्याची सुई लावत. आवाज मऊ येई, खाच कमी झिजे, टोक मात्र सारखं तासावं लागे.

खुरपं

धावपटूच्या पिशवीत बुटांशेजारी एक छोटं खुरपं असे. शर्यतीआधी ज्याने त्याने आपापल्या लेनमध्ये गुडघे टेकून पावलांपुरते दोन खड्डे खणायचे, मागची भिंत थापून घट्ट करायची, त्यात पाय रोवायचे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने असेच खड्डे खणले.

पर्याय तयार होता. आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉर्ज ब्रेस्नहन यांनी 1920 च्या दशकातच स्टार्टिंग ब्लॉक बनवले होते. 1929 मध्ये ओहायो स्टेटचा जॉर्ज सिम्पसन त्यावरून सुटला आणि त्याने 100 यार्ड 9.4 सेकंदांत कापले. ब्लॉक वापरले म्हणून तो विश्वविक्रम धरला गेला नाही. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले ते 1948 साली.

राखेचा ट्रॅक

कोळसा जळून उरलेली राख आणि बारीक जळके खडे. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. सकाळी सपाट असलेला ट्रॅक संध्याकाळपर्यंत खिळ्यांच्या बुटांनी उकरून निघे, आतली लेन सगळ्यात आधी. पाऊस आला की चिखल. पडलं तर गुडघ्याच्या कातडीत काळे कण रुतत आणि काहींच्या अंगावर ते जन्मभर राहत. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकला कृत्रिम ट्रॅक आला, आणि पुढे एकेका विद्यापीठाने राख उचलली.

सरळ 220 यार्ड

वळण नसलेली 220 यार्डांची शर्यत. त्यासाठी ट्रॅकची एक बाजू शेपटासारखी लांब काढलेली असे. त्याच सरळ पट्टीवर 220 यार्डांची कमी उंचीच्या अडथळ्यांची शर्यतही होई. आज दोन्ही नाहीत, आणि यार्डही नाहीत.

या शर्यतींची सगळ्यात मोठी दुपार 25 मे 1935 ची. मिशिगनमधलं अ‍ॅन आर्बर, फेरी फील्ड, बिग टेन विद्यापीठांची स्पर्धा. ओहायो स्टेटचा जेसी ओवेन्स पाठ दुखावलेली घेऊन आला होता. पाऊण तासात त्याने 100 यार्डांच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि तीन नवे विश्वविक्रम केले: लांब उडी 26 फूट सव्वाआठ इंच, 220 यार्ड 20.3 सेकंद, 220 यार्ड अडथळे 22.6 सेकंद. लांब उडी त्याने त्या दिवशी एकदाच मारली. तो विक्रम 25 वर्षं टिकला. त्याच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात मात्र त्याला खोली नव्हती. तो काळा होता.

धावपटूचा बँड

बर्लिनहून चार सुवर्णपदकं घेऊन आलेल्या ओवेन्सला घरी पोटाची सोय नव्हती. 1937 मध्ये तो एका स्विंग बँडचा पुढारी म्हणून दौऱ्यावर निघाला. त्याला वाद्य वाजवता येत नव्हतं, गाणंही यथातथाच. पुढे उभं राहायचं, पुढच्या गाण्याचं नाव सांगायचं. लोक तिकीट काढत ते त्याला डोळ्यांनी बघायला. खेळाडूच्या नावावर नाचगाण्याची तिकिटं खपवण्याची ही रीत फार दिवस चालली नाही.

बांबू

पोल व्हॉल्टचा खांब जपानहून येई. पोकळ, हलका, पेरापेरांवर चिकटपट्टी गुंडाळलेला. ऐन उडीत कधी मोडेल याचा नेम नसे, आणि पलीकडे पडायला भुशाचा नाहीतर वाळूचा खड्डा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो स्टेट कॉलेजातून आलेला कॉर्नेलियस वॉर्मरडॅम 13 एप्रिल 1940 ला बर्कलीत या बांबूवर 15 फुटांपलीकडे गेला. तिथवर आधी कोणी पोचलं नव्हतं. पुढे त्याने ही उंची एकूण 43 वेळा ओलांडली. दुसरा माणूस तिथे पोचला तो 1951 मध्ये. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिक युद्धात बुडाली, म्हणून त्याच्या नावावर ऑलिंपिक पदक नाही.

पर्ल हार्बरनंतर जपानचा बांबू बंद झाला. मग पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, आणि 1960 च्या सुमाराला फायबरग्लास. फायबरग्लास वाकतो आणि उसळून वर फेकतो. बांबूवर चढावं लागे ते दंडांच्या जोरावर.

चामडी टोप

फुटबॉल म्हणजे त्यांचा, अंडाकृती चेंडूचा. डोक्यावर शिवलेल्या चामड्याची टोपी, आतून पट्ट्या, गरज पडली तर घडी घालून बगलेत. कॉलेज फुटबॉलमध्ये ती सक्तीची झाली 1939 मध्ये, आणि साधारण त्याच सुमाराला प्लास्टिकची आली.

कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी पहिली हाइझमन ट्रॉफी 1935 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगरला मिळाली. चारच वर्षांनी, 1939 च्या मोसमानंतर, विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांनी विद्यापीठाचा फुटबॉलच बंद केला. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली, रॅकेट्सच्या एका कोर्टात, 2 डिसेंबर 1942 ला माणसाने पहिल्यांदा अणूची साखळी प्रक्रिया चालू केली. प्रेक्षागार 1957 मध्ये पाडलं. त्या जागी आता विद्यापीठाचं ग्रंथालय आहे.

दोन हातांचा शॉट

बास्केटबॉलमध्ये नेम धरायचा तो दोन्ही पाय जमिनीवर आणि दोन्ही हात चेंडूवर ठेवून. प्रत्येक बास्केटनंतर खेळ थांबे, चेंडू मध्यभागी येई, त्यासाठी दोन्ही संघांची पुन्हा उडी. 30 डिसेंबर 1936 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्डचा हँक लुइसेट्टी एका हाताने, पळता पळता, चेंडू टाकू लागला. ओळीने 43 सामने जिंकलेला लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ 45-31 असा हरला. जुन्या प्रशिक्षकांना हा प्रकार पोरकट वाटला. पुढच्याच मोसमात मध्यभागीची उडीही नियमांतून गेली. खेळ न थांबता वाहू लागला आणि दोन हातांचा शॉट हळूहळू म्हाताऱ्यांचा ठरला.

कर्णा

पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा, कॉलेजच्या रंगात रंगवलेला. मैदानात चिअरलीडर त्यातून ओरडे. डान्सच्या हॉलमध्ये त्यातूनच गायक गाई. येलचा पदवीधर रूडी व्हॅली त्या कर्ण्यावर प्रसिद्ध झाला आणि मेन विद्यापीठाचं गाणं त्याने 1930 मध्ये देशभर पोचवलं. चांगला मायक्रोफोन आला तशी गायकाने कर्ण्याला रजा दिली. चिअरलीडरने तो आणखी बरीच वर्षं सांभाळला.

काळा झगा

बँडचा पुढारी के कायझर आधी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात चिअरलीडर होता. संगीत त्याला बेताचंच येई, गर्दी हाताळणं मात्र उत्तम. स्विंगच्या ऐन भरात त्याने रेडिओवर कॉलेजच काढलं: स्वतः प्राध्यापकाचा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून उभा, बँड म्हणजे वर्ग, श्रोते म्हणजे विद्यार्थी, आणि प्रश्नमंजूषा म्हणजे परीक्षा. स्पर्धकाचं उत्तर चुकलं की तो प्रेक्षकांकडे वळून हाळी देई आणि सगळा हॉल एका सुरात उत्तर सांगे. झगा रेडिओवर दिसत नसे. तरी तो घाले.

कॉलेजच्या नावाचा बँड

लेस ब्राउनचा ड्यूक ब्लू डेव्हिल्स हा ड्यूक विद्यापीठातला बँड, आणि ब्लू डेव्हिल्स हेच त्या विद्यापीठाच्या खेळाडूंचंही नाव. बामा स्टेट कॉलेजियन्स अलाबामातल्या काळ्यांच्या शिक्षक-महाविद्यालयातला. मंदीच्या दिवसांत तो कॉलेजसाठी पैसे मिळवायला गावोगाव फिरला, न्यूयॉर्कला आला आणि पुढे ट्रम्पेटवादक अर्स्किन हॉकिन्सच्या नावाने चालला. हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये आपली पाळी संपली, दुसऱ्या बँडने चढावं, अशी खूण म्हणून हे लोक एक छोटी धून वाजवत. 1939 मध्ये तिची तबकडी झाली. नाव ठेवलं ‘टक्सीडो जंक्शन’, बर्मिंगहॅमजवळच्या एका ट्रामच्या तिठ्यावरून. पुढच्या वर्षी ग्लेन मिलरच्या गोऱ्या बँडने तीच धून वाजवली आणि खप मिलरचा मोठा झाला. ट्राम गेली, सॅव्हॉयही पाडलं. धून आहे.

जिमी लन्सफर्ड फिस्क विद्यापीठातून शिकून मेम्फिसच्या मनॅसस हायस्कूलमध्ये खेळाचा मास्तर झाला. तिथल्या पोरांचाच त्याने बँड बांधला. कवायतीची सवय त्या बँडमध्ये अखेरपर्यंत दिसत राहिली: ट्रम्पेटवाले वाद्य हवेत उडवत आणि एकाच मात्रेवर झेलत. 12 जुलै 1947 ला ओरेगनमधल्या सीसाइड गावी, दुकानात चाहत्यांना सह्या देत असताना लन्सफर्ड कोसळला. वय 45.

बाल्कनी

साउथ कॅरोलायनातलं कोलंबिया शहर, 1936. एका जुन्या सिनेगॉगच्या इमारतीत काळ्यांचा नाइट क्लब होता, बिग अ‍ॅपल. दक्षिणेतल्या थिएटरांमध्ये काळ्यांनी वर बसायचं आणि गोऱ्यांनी खाली, ही रीत. इथे उलटं: विद्यापीठाची गोरी पोरं पैसे भरून बाल्कनीत बसत आणि खाली काळे लोक नाचत. ज्यूकबॉक्स थांबू नये म्हणून पोरं वरून नाणी टाकत. पायांच्या हालचाली पाठ करून त्यांनी तो नाच आपल्या पार्ट्यांमध्ये नेला. 1937 मध्ये तो न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरच्या रंगमंचावर पोचला, कॉलेजच्या पोरांचा नाच म्हणून. इमारत अजून उभी आहे, मूळ जागेवरून उचलून थोडी बाजूला ठेवलेली.

रँडल्स आयलंडचं स्टेडियम

न्यूयॉर्कचं. 11 जुलै 1936 ला उघडलं ते अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीने. बर्लिनचं तिकीट ओवेन्सला इथेच मिळालं. 29 मे 1938 ला त्याच मैदानावर ‘कार्निव्हल ऑफ स्विंग’ झाला. वीसहून अधिक बँड, वीस हजारांहून अधिक माणसं, दिवसभर. एलिंग्टन होता, काउंट बेसी होता. बसून ऐकायला आलेली तरुण गर्दी खुर्च्यांत राहीना. उघड्या मैदानावरच्या जॅझ महोत्सवांचा हिशेब बरेच जण इथून मांडतात. 1975 मध्ये पेलेही या मैदानावर खेळून गेला. 2002 मध्ये स्टेडियम पाडलं.

जुन्या तबकड्या

जपान आग्नेय आशियात उतरला, समुद्रमार्ग धोक्यात आले आणि लाख युद्धाच्या कामाला लागली. एप्रिल 1942 मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत मोठी कपात केली. दुकानदार सांगू लागले: नवी हवी असेल तर जुनी आणा. पोरांनी आणल्या. जुन्या तबकड्या भरडून त्यांचा माल नव्यात गेला, आणि त्यांत 1920 च्या दशकातल्या जॅझचे पुन्हा न मिळणारे नगही गेले.

त्याच वर्षी 1 ऑगस्टला वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, ध्वनिमुद्रणावर बंदी घातली. डेक्काने 1943 मध्ये समझोता केला. व्हिक्टर आणि कोलंबिया 1944 च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या. मधल्या काळात सैनिकांसाठी व्ही-डिस्क निघाल्या: बारा इंची, घरी विकायला मनाई, आणि लाख नव्हती म्हणून बहुतेक विनाइलच्या. 1949 मध्ये योजना संपली तेव्हा करारानुसार त्यांचे साचे मोडले. उरल्या त्या सैनिकांनी सामानातून गुपचूप घरी नेलेल्या.

पुठ्ठ्याचा अल्बम

वहीसारखा बांधलेला, आत कागदी खिसे, प्रत्येक खिशात एक तबकडी. शास्त्रीय संगीतासाठी तो होताच. येलमध्ये शिकणाऱ्या जॉर्ज अवाकियानला वाटलं की जॅझचाही असा संच व्हावा, एक विषय धरून, माहितीपुस्तिकेसकट. डेक्काला त्याने पटवलं. ‘शिकागो जॅझ’ नावाचा सहा तबकड्यांचा संच 1940 मध्ये आला. मग कोलंबियाने त्याला आपल्या गोदामातली जुनी जॅझ ध्वनिमुद्रणं चाळून पुन्हा काढायला लावली. वर्गातली बाकं सुटायच्या आधीच हा पोरगा एका कंपनीची स्मरणशक्ती सांभाळत होता. 1948 मध्ये लाँग प्ले आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली आणि खिशांची वही कपाटात गेली. नाव तेवढं नव्या वस्तूला चिकटलं.

लाखरोगणाची चकती

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वर मऊ रोगण, ते जागेवर कोरणारं यंत्र. वाजवली की झिजणारी; दहा-पंधरा वेळा ऐकली की संपली म्हणायची. 7 नोव्हेंबर 1940 ला जॅक टॉवर्स आणि डिक बरिस हे साउथ डाकोटाचे दोन तरुण असं यंत्र घेऊन फार्गोच्या क्रिस्टल बॉलरूममध्ये गेले. एलिंग्टनची परवानगी काढली आणि नेहमीच्या नाचाच्या रात्रीचं वादन उतरवून घेतलं. एरवी अशा रात्री हवेत विरत. जवळजवळ चाळीस वर्षांनी ते रीतसर प्रसिद्ध झालं आणि 1980 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. क्रिस्टल बॉलरूम तोवर पाडलेलं होतं.

जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट

दक्षिणेतलं विद्यापीठ काळ्या खेळाडूसमोर उतरायला तयार नसे. मग उत्तरेतलं विद्यापीठ आपला काळा खेळाडू घरी ठेवी. लिखापढी नाही, दोन्हीकडच्या सभ्य गृहस्थांचा शब्द. हीच विद्यापीठं आपल्या डान्सला लन्सफर्डला, बेसीला बोलावत, वसतिगृहात त्यांच्याच तबकड्या झिजत. गुडमनने काळ्या टेडी विल्सनला आणि लायनेल हॅम्प्टनला शेजारी घेऊन जानेवारी 1938 मध्ये कार्नेगी हॉल भरवला होता.

1940 च्या शरदात न्यूयॉर्क विद्यापीठाचा संघ मिझुरीला जायचा होता आणि लेनर्ड बेट्स या फुलबॅकला मागे ठेवायचं ठरलं. ‘बेट्सला खेळवा’ असे बिल्ले लागले. दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी कचेरीसमोर जमले. बेट्स खेळला नाही. 1941 च्या मार्चमध्ये, अशाच भेदभावाविरुद्ध सह्यांचे अर्ज फिरवले म्हणून सात विद्यार्थ्यांना तीन महिन्यांसाठी काढून टाकलं. कराराचा कागद कधी नव्हताच, निलंबनाचा होता. युद्धानंतरच्या काही वर्षांत हा करार एकेका विद्यापीठाने मोडला, दक्षिणेत सगळ्यात उशिरा. न्यूयॉर्क विद्यापीठाने त्या सात जणांचा गौरव केला 2001 साली.